पहिली घागर

तुळसाबाईला सगळ्यात जास्त झोंबलं ते सरगुंड्यांचं.

नळ गेला तेव्हाही वाईट वाटलं होतं, नाही असं नाही. सात वर्षं जो नळ आपल्या शब्दावर चालला तो एका सकाळी चारुशीलाच्या शब्दावर चालायला लागला, तर कोणाला गोड लागेल? पण ते दुःख निदान चारचौघांत सांगण्यासारखं होतं. सरगुंड्यांचं कोणाला सांगणार? दर उन्हाळ्यात वस्तीतल्या बाया काडीवर कणकेचे सरगुंडे वळायला तुळसाबाईच्या अंगणात जमायच्या. यंदा त्या सगळ्या आपापल्या परातीतली कणिक पदराखाली झाकून तिच्या दारावरून पुढे गेल्या, थेट चारुशीलाच्या अंगणात. इंदूबाईसुद्धा. शेजारच्या भिंतीची इंदूबाई, जिची पाचही बाळंतपणं तुळसाबाईने काढली, ती जाताजाता नुसतं म्हणाली, "येतं का वं?" तेही मान न वळवता.

"मले कणिक मळायची आहे," तुळसाबाई म्हणाली. घरात त्या दिवशी मूठभरही कणिक नव्हती.

वस्ती होती जरीपटक्याच्या बाजाराच्या मागे. छप्पन्न साली दीक्षा घेतलेल्यांची कौलारू घरं, मधोमध चुना लावलेलं विहार आणि विहारासमोर साऱ्या वस्तीचा मिळून एकच सरकारी नळ. मिलच्या पहिल्या भोंग्याच्या सुमाराला पाणी यायचं आणि ऊन चढेपर्यंत टिकायचं. वैशाखात तेवढंही नाही. नळावर डोकी फुटू नयेत म्हणून वस्ती बसवणाऱ्या म्हाताऱ्यांनी दोन गोष्टी लावून दिल्या होत्या. एक म्हणजे दगडांची रांग. संध्याकाळी प्रत्येक घराने आपला खुणेचा दगड नळापाशी आणून ठेवायचा, आणि ज्याचा दगड आधी त्याची घागर आधी, मग ती मिलच्या जमादाराची बायको असो की नाल्याकाठची आंधळी म्हातारी. दुसरी म्हणजे ही रांग राखायला एक नळाची बाई, आणि ती दर बुद्धपौर्णिमेला मत टाकून निवडायची.

मतावर ह्या लोकांचा फार जीव. गावाकडे विहिरीच्या काठावरही पाय ठेवू न दिलेली ही माणसं. हातात मत आल्यावर त्यांनी ते असं नळापर्यंत आणून ठेवलं होतं. विहारात एक मडकं, त्याच्या तोंडावर फडकं. एका उमेदवार बाईचा चिंचोका, दुसरीची सीताफळाची बी. प्रत्येक घरच्या बाईच्या हातात दोन्ही द्यायचं. तिने फडक्याखाली हात घालून एक सोडायचं, दुसरं मुठीत दाबून घरी न्यायचं आणि चुलीत टाकायचं. कोणी काय टाकलं ते नवऱ्यालाही कळत नसे. आणि एखाद्या वर्षी मडकं काढायचंच नाही असं ठरवायचं असेल, तर एकूण एक घराचं 'हो' लागे. एका घराने 'नाही' म्हटलं की मडकं निघालंच पाहिजे.

तुळसाबाई सात वर्षं चिंचोक्यांवर निवडून आली. तिच्या राज्यात रांग एकदाही मोडली नाही. स्वतःचा दगड मागे राहिला तर ती स्वतःही मागे उभी राहायची. पण न्याय मोठा विचित्र पदार्थ आहे, रोज मिळतो तोवर त्याची चव कळत नाही. बायांच्या लक्षात तिची रांग नव्हती, तिचं तोंड होतं. "घागर घासून आणत जाय वं, नळाले किळस येते," असं ती नव्या सुनांना भर गर्दीत सुनवायची. खरं बोलायची, पण असं की ऐकणाऱ्याला खोटं बरं वाटावं.

गेल्या वैशाखात इंदूबाईची लेक माहेरी बाळंत झाली. इंदूबाईने एक घागर जास्तीची मागितली.

"दगड एक, त फेरी एक," तुळसाबाई म्हणाली. "आज तुले देल्ली त उद्या सर्व्या मांगतीन. मंग मी कोणाकोणाले नाही म्हणू?"

यात चूक काय होतं? काही नव्हतं. पण रांगेत चौथी उभी असलेली चारुशीला पुढे आली आणि आपली भरलेली घागर तिने तिथल्या तिथे इंदूबाईच्या घागरीत ओतली. "बाळंतिणीले पाणी नाही आन् दगडाले मान आहे," ती म्हणाली, "हा कोणता कायदा म्हणाव वं माय?" इंदूबाई रडली. तिला पाहून आणखी दोघी रडल्या. लगेच आलेल्या पौर्णिमेला मडकं उपडं केलं तर सीताफळाच्या बियांचा ढीग पडला, आणि चिंचोके एका मुठीत मावले.

ही चारुशीला कळमेश्वरची. नवरा लहानू, शहराबाहेरच्या वाडीतल्या गोदामांवरून ट्रक चालवायचा, महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. तिला मूलबाळ नव्हतं, पण वस्तीतल्या प्रत्येक पोराचं नाव ठाऊक होतं आणि कोणत्या पोराला काय आवडतं तेही. हसली की समोरचीला वाटायचं, ही माझ्यासाठीच हसली. तुळसाबाईलाही एकदोनदा तसं वाटलं होतं आणि त्यापायी ती दिवसभर स्वतःवर चिडून होती.

नळ हाती आल्यावर चारुशीलाने पहिल्याच दिवशी सगळे दगड गोळा केले आणि नळापुढच्या चिखलात बसवून टाकले. "आतापर्यंत माणूस दगडाच्या मांगं होता," ती म्हणाली, "आता दगड माणसाच्या पायाखाली!" बायांनी अशा टाळ्या पिटल्या की बाजारातले दुकानदार बाहेर येऊन पाहायला लागले. त्या दिवसापासून रांग नाही. चारुशीला नळापाशी उभी राहायची, सगळ्यांवरून नजर फिरवायची आणि ज्याची गरज मोठी त्याला पहिलं बोलवायची. पहिल्यांदा गरोदर सुनांची पाळी लागली. मग म्हाताऱ्यांची. नाल्याकाठच्या आंधळीची घागर चारुशीलाने स्वतः डोक्यावर नेऊन दिली, तेव्हा पाहणाऱ्यांचे डोळे भरून आले.

मग गरज कधी बदलली ते कोणाला नीट सांगता आलं नसतं. जिने चारुशीलाचं अंगण सारवलं तिची गरज मोठी ठरू लागली. जिने तिची वाहवा जरा मोठ्याने केली तिचीही. पाणी कमी येऊ लागलं तेव्हा चारुशीलाने वस्तीबाहेरच्या, वेगळा नळ असलेल्या आळीकडे बोट दाखवून सांगितलं, "वरच्या आळीवाले आपलं पाणी पिऊन राहिले." झालं! वरच्या आळीला जी जास्त शिव्या देई ती दुसऱ्या दिवशी पहिली. एकदा तर पाचसहा जणी जाऊन वरच्या आळीतल्या एका बाईचे माठ फोडून आल्या, आणि आल्या त्या लढाई जिंकल्यासारख्या. शेवटच्या ठरलेल्या बाया कुरकुर करत नसत, कारण प्रत्येकीला वाटे, उद्या आपणच पहिल्या.

"दरसाल वैशाखात पाणी कमीच येते वं," तुळसाबाई नळावर ओरडून सांगायची. "वरच्या आळीचाही नळ आटला आहे, जाऊन पाहून या! आन् गरज कोणाची मोठी हे एकटी चारुशीला काहून ठरवन?"

"जळते म्हातारी," बाया म्हणायच्या.

आणि ती जळतच होती. सगळा घोळ इथेच होता. ती सांगत होती ते खरं होतं, आणि ती का सांगत होती तेही खरं होतं; बायांनी दुसरं खरं धरलं आणि पहिलं सोडून दिलं. तुळसाबाई पहाटे घागर घेऊन उभी राहायची ती पाण्याकडे पाहतच नसे. ती बायांचे चेहरे पाही. चारुशीला आली की ते चेहरे कसे उजळत, कसे तिच्या मागे वळत! सात वर्षं आपण ह्याच नळावर उन्हातान्हात उभ्या राहिलो, आपल्याकडे पाहून एक चेहरा असा कधी उजळला? नवरा रुपराव मिलमधून येताना लहानूकडे टेकायला लागला, ते तर तिच्या काळजात रुतूनच बसलं.

"चांगली बाई आहे वं," रुपराव म्हणाला. "चहात साखर टाकते त दिलदार हातानं टाकते."

"मंग तिथंच जेवत जा," तुळसाबाई म्हणाली आणि त्याच्या ताटात भाकर आपटली.

एकदा तिने चारुशीलासारखं वागूनही पाहिलं. गुळाचे गुलगुले तळले आणि कौसल्येच्या पोरासाठी घेऊन गेली. ही कौसल्या कोपऱ्यावरच्या घरातली तरणी सून, चारुशीलाची लाडकी. तिने वाटी हातात घेतली, आत पाहिलं आणि विचारलं, "काही काम होतं काय, मावशी?" "वाटी वापस पाठवजो," एवढं म्हणून तुळसाबाई घरी आली.

पौर्णिमा जवळ आली तशी चारुशीलाने नळावर एक नवीन गोष्ट काढली. आणीबाणीचं वर्ष होतं ते. लहानू ट्रकवरून बातम्या आणायचा. "देशाचीच निवडणूक पुढं ढकलली दिल्लीवाल्यांनी," तो म्हणाला होता, "तुमी नळाचं काय घेऊन बसले?" चारुशीलाने तेच जरा गोड करून बायांना सांगितलं. "आपण सर्व्या एक आहो न? मंग मडकं कायले? फडक्याखाली हात घालाचा, लपवाचं, हे चोराचं काम वाटते मले. ज्याच्या मनात पाप त्याले फडकं पाहिजे. यंदा काहून, आता कधीच नको. एका जिवानं राहू."

बाया म्हणाल्या, खरंच, मडकं कायले?

तुळसाबाईने हे ऐकलं आणि गेल्या वर्षभरात पहिल्यांदा तिला बरं वाटलं. तिला मडक्याची काळजी होती, रांगेचीही होती, नाही कशाला म्हणायचं. पण तिला बरं वाटलं ते त्या काळजीपायी नव्हतं. विहारात घरोघर विचारतील. तिच्या घराची पाळी येईल. आणि ती एक शब्द बोलेल. वर्षभर कोणी तिचं ऐकलं नव्हतं. त्या संध्याकाळी सगळ्या वस्तीला ऐकावं लागणार होतं, आणि चारुशीलाचं ते हसू कसं वाकडं होतं ते तिला समोर बसून पाहायला मिळणार होतं. भाकरी थापताना ती मनातल्या मनात 'नाही' म्हणून पाहायची. कधी हळू, कधी ठसक्यात.

पौर्णिमेच्या दुपारी प्रयागबाई आली. नाल्याकाठी आंधळीच्याही पलीकडे, शेवटच्या घरातली ही विधवा. लेक आणि जावई गेल्यापासून लहानग्या नातीला सांभाळत होती. हिवाळ्यात तिने चारुशीलाला फक्त विचारलं होतं, "मले रोज शेवटी काहून बोलावतं वं?" तेव्हापासून तिचा नंबर खरोखरच रोज शेवटी लागत होता, आणि बहुतेक दिवस तिच्यापर्यंत पाणी पोचतच नव्हतं. पूर्वी ती वरच्या आळीतून एखादी घागर मागून आणायची. माठ फुटल्यापासून ते दार बंद झालं होतं. आता नात नाल्याजवळच्या झिऱ्याचं गढूळ पाणी पीत होती.

"पोरीचं पोट थांबून नाही राहिलं," प्रयागबाई म्हणाली. "डाक्टर म्हणते पाणी बदला. कुठून बदलू?"

तुळसाबाईने आपल्या माठातलं पाणी तिला तांब्याभर दिलं.

"मडकं निघू दे फक्त," प्रयागबाई आवाज खाली करून म्हणाली. "मले तीनचार जणी बोलल्या. इंदूबाईही बोलली. तोंडावर कोणाची हिंमत नाही, पण फडक्याखाली हात गेला त पाहजो तू. मी 'नाही' म्हटलं त उद्यापासून थेंब नाही मिळणार मले, मले नाही जमणार. तू एकटी म्हणू शकतं. तुह्यावर आहे वं सारं."

"तू निश्चिंत राह्य," तुळसाबाई म्हणाली. "माह्या जिभेवरच बसलं आहे ते."

संध्याकाळी विहारात वंदना झाली, खीर वाटून झाली. बाया पुढे, पुरुष मागे भिंतीशी. मडकं कोपऱ्यात तयार होतं, तोंडावर धुतलेलं फडकं. तुळसाबाई मुद्दाम मधोमध बसली होती, आपला आवाज सगळीकडे पोचावा म्हणून. चारुशीला उठली. आता ही घरोघर विचारणार, असं तुळसाबाईला वाटलं आणि तिने घसा साफ केला.

पण चारुशीला कोणाला काही न विचारता थेट तिच्यापाशी आली आणि खाली वाकून तिने तुळसाबाईच्या पायांवर डोकं ठेवलं.

"सर्व्याईले एक गोष्ट सांगतो," ती उठून म्हणाली, आणि तिचा आवाज भरून आला होता. "मी वस्तीत आली तवा मले नळावर उभं राहाची अक्कल नव्हती. ह्या मावशीले पाहून शिकली मी. सात वर्षं थंडीत, उन्हात, ह्या उभ्या राहिल्या. कोणासाठी? आपल्यासाठी! आन् आपण काय केलं? कोणी एक दिवस म्हटलं काय, मावशी तुमी थकल्या असान? मीही नाही म्हटलं. माही चुकी झाली." तिने कान पकडले. "आजपासून नळाची पहिली घागर तुळसामावशीची. रोज. मंग बाकीच्याईची."

विहार टाळ्यांनी दणाणून गेलं. कौसल्या उठून आली आणि तिने मूर्तीपुढच्या ताटातलं मोगऱ्याचं फूल तुळसाबाईच्या अंबाड्यात खोचलं. इंदूबाई पदराने डोळे पुसत होती. "खरंच वं, खरंच," म्हणत होती. भिंतीपाशी रुपराव उगाच छाती काढून उभा राहिला. तुळसाबाईने मान वर केली आणि तिला ते चेहरे दिसले. सगळेच्या सगळे तिच्याकडे वळलेले होते, अगदी तसेच उजळलेले, वर्षभर ती दुसरीसाठी उजळताना पाहत होती तसेच. तिला रडू फुटलं. ते थांबवावं असंही तिला वाटलं नाही.

चारुशीला तिच्यासमोर उकिडवी बसली. तुळसाबाईचे दोन्ही हात तिने हातात घेतले. "आता तुमीच सांगा मावशी. पहिला मान तुमचा. तुमी म्हणान त आत्ता मडकं काढतो. का राहू देऊ?"

मागच्या दारापाशी प्रयागबाई बसली होती, नातीला मांडीवर घेऊन. तुळसाबाईला ती दिसली. दिसली नाही असं तिला नंतर कधीच म्हणता येणार नव्हतं. 'नाही' खरोखरच जिभेवर होतं. पण ते म्हटलं की हे चेहरे विझणार, हे हात सुटणार, आणि उद्या पहाटे आपण पुन्हा ती जळकी म्हातारी. थोडा वेळ तरी हे असू द्यावं, एवढंच तिला वाटलं. एक रात्र तरी.

"मडकं कायले काढतं माय," ती म्हणाली. "आपण काय परक्या आहो?"

बाकीच्या घरांना विचारायची गरजच पडली नाही. जिथे तुळसाबाई 'हो' म्हणाली तिथे दुसरं कोण तोंड उघडणार? टाळ्या पुन्हा झाल्या. प्रयागबाई नातीला खांद्यावर टाकून केव्हा उठून गेली ते कोणी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारुशीलाने हाक दिली, "मावशी, या पहिल्या!" आणि बायांनी वाट करून दिली. तुळसाबाईने घागर भरली. नळाचं पाणी पहिल्या धारेला किती जोरात येतं ते ती विसरली होती. प्रयागबाईपर्यंत त्या दिवशीही पाणी पोचलं नाही. ती रिकामी घागर घेऊन तुळसाबाईच्या दारावरून निघाली. तुळसाबाईनेच हाक मारली, "तांब्याभर नेतं काय वं?" प्रयागबाई थांबली नाही. थांबली नाही तर नाही, तुळसाबाई मनात म्हणाली. एवढाही ताठा बरा नव्हे गरिबाला.

ते दिवस फार सुखाचे गेले. बाया तिच्या अंगणात बसायला येऊ लागल्या. रुपराव घरचा चहा प्यायला लागला. वरच्या आळीचा विषय निघाला की तुळसाबाईही दोन शब्द बोलू लागली, फार नाही, दोनच. आणि ती बोलली की चारुशीला मान डोलवायची. मग एका पहाटे चारुशीलाने नेहमीसारखी सगळ्यांवरून नजर फिरवली. तुळसाबाईने घागर कमरेवर घेतलीही होती.

"कौसल्या, ये वं पहिले," चारुशीला म्हणाली.

तुळसाबाईला वाटलं, विसरली असेल. तिने मुद्दाम खाकरून पाहिलं. चारुशीलाने तिच्याकडे पाहिलं, हसली, आणि दुसरीला बोलावलं. मग तिसरीला. तुळसाबाईची घागर भरली तेव्हा ऊन विहाराच्या पायरीवर आलं होतं.

दिवसभर तिला दुसरं काही सुचलं नाही. कौसल्येने असं काय केलं? काल संध्याकाळी ती कुठे होती? आपल्याकडून काय राहिलं? वरच्या आळीबद्दल आपण कमी बोललो का? ती सुपात तांदूळ घेऊन बसली आणि पाखडायचे विसरली. ऊन उतरल्यावर तोंड धुतलं, धुतलेलं लुगडं नेसली आणि चारुशीलाच्या दारात जाऊन उभी राहिली. वयाने ती तिच्या आईएवढी होती.

"माय, दिवसभर उभं राहून तुये पाय दुखत असतीन," ती म्हणाली. "दाबून देऊ काय?"

चारुशीला खाटेवर पडली होती. तिच्या पायथ्याशी कौसल्या बसली होती, तेलाची वाटी घेऊन, आणि तिने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

"आज कौसल्या दाबून राहिली, मावशी," चारुशीला गोड हसून म्हणाली. "तुमी उद्या या."

तुळसाबाई परत फिरली. चारुशीलाचा तिला काडीचाही राग आला नाही. बिचारी थकलेली होती. पण कौसल्येला, त्या कालच्या पोरीला, वाटेत एकटी गाठून तिच्या झिंज्या उपटाव्या असं तिला वाटत राहिलं, थेट घर येईपर्यंत.